घरातली बुरशी, अंगातलं विष आणि न उतरणारं वजन: पायरीपायरीनं काय करायचं

मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात माझं वजन ७९ किलो होतं आणि उंची पाच फूट एक इंच. नाक कायम बंद, रात्री छातीत शिट्टी वाजायची, सकाळी डोकं असं जड राहायचं की चहा मांडायचीही इच्छा होत नव्हती. आमचं घर यवतमाळ जिल्ह्यात, काळ्या जमिनीवरचं, पुढं स्लॅब आणि मागं मातीच्या भिंतीची जुनी खोली, वर कवेलू. त्या मागच्या खोलीत कापूस, सोयाबीनचे कट्टे, भुईमुगाच्या फल्लीचं पोतं सगळं एकावर एक आणि त्यालाच लागून माझी खाट. भिंतीवरचे काळे-हिरवे ठिपके मला रोज दिसत होते पण आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "पावसाळा हाय बाई, भितीले बुरा लागनारच, दिवाळीले चुना मारू." मीही तेच धरून चालले.

त्याच काळात तालुक्याच्या गावी एका माणसानं मला सांगितलं की तुमच्या अंगात बुरशीचं विष साठलं आहे, ते चरबीत बसून राहते म्हणून वजन उतरत नाही, आधी ते बाहेर काढा. ३,२०० रुपयांचा पावडरचा डबा दिला आणि सात दिवस जेवण बंद, नुसता काढा अन् पावडर. पाचव्या दिवशी निंदणाला गेले आणि शेताच्या धुऱ्यावर चक्कर येऊन पडले. वजन तीन किलो कमी दिसलं होतं, ते दहा दिवसांत परत आलं, कारण ते पाणीच होतं. नंतर छातीच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी शांतपणे समजावलं, मग मी स्वतः वाचत गेले. १४ महिन्यांत ६८ किलोवर आले आणि त्यातले पहिले दोन महिने मी वजनासाठी काहीच केलं नव्हतं, फक्त घर कोरडं केलं होतं. म्हणून इथं क्रम महत्त्वाचा आहे, तो उलटा करू नका.

आधी हे समजून घ्या, कोणतं विष कुठं साठते

"विष चरबीत साठते" ही गोष्ट पूर्ण खोटी नाही, पण ती बुरशीची नाही. चरबीत वर्षानुवर्षं बसून राहणारं जे विष आहे ते म्हणजे डीडीटीसारखी जुनी क्लोरीनवाली कीटकनाशकं. भारतात शेतीसाठी डीडीटी १९८९ मध्येच बंद झालं पण त्याचा अंश माती, पाणी आणि माणसाच्या चरबीत अजून सापडते, कारण ते पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळते आणि शरीराला ते काढायला वर्षं लागतात. आता वजन उतरताना चरबीच्या पेशी रिकाम्या होतात तेव्हा ही जुनी रसायनं रक्तात थोडी वाढतात, पोटाचं ऑपरेशन करून झपाट्यानं वजन उतरलेल्या लोकांच्या रक्तात हे मोजलेलं आहे. म्हणजे आपण कापसाच्या पट्ट्यातले लोक, आपल्यासाठी ही गोष्ट कामाचीच आहे, पण तिचा अर्थ "पावडर घ्या" असा निघत नाही, तिचा अर्थ "हळू उतरा" असा निघते. (२०१७ ला आपल्या जिल्ह्यात फवारणीनं जी माणसं गेली ती विषबाधा वेगळी, त्यातली बरीच औषधं नसांवर झटकन मारा करणारी होती, चरबीत वर्षानुवर्षं बसणारी नव्हती. लोक दोन्ही एकत्र करतात म्हणून लिहिलं.)

बुरशीच्या विषाचं गणित निराळं आहे. सगळ्यात नावाजलेलं म्हणजे अफ्लाटॉक्सिन, फल्लीदाणे, मका, सरकी, मिरची यावर येणारी पिवळी-हिरवी बुरशी ते तयार करते. १९६० ला इंग्लंडमध्ये एक लाखाच्या वर टर्की पक्षी पटापट मेले, शोध घेतला तर खाद्यातली फल्लीची पेंड बुरसलेली निघाली, तिथून हे विष जगाला कळलं. आपल्या देशात १९७४ ला राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी भागात बुरसलेला मका खाऊन शंभराच्या वर लोक दगावले, लिव्हर गेलं होतं. हे विष पोटात गेलं की लिव्हर त्याला फोडते, बराचसा भाग काही दिवसांत लघवी आणि संडासवाटे निघून जाते, जो थोडा रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रोटीनला चिकटते तो दोन-तीन महिन्यांत त्या प्रोटीनसोबतच संपते. ऑक्राटॉक्सिन नावाचं दुसरं एक आहे, ते जास्त चिवट, रक्तातलं अर्धं कमी व्हायला साधारण ३५ दिवस लागतात आणि त्याचा त्रास किडनीला होते. पण तेही रक्तातल्या प्रोटीनलाच धरून राहते.

याचं उदाहरण आपल्या गोठ्यातच आहे. गाईला बुरसलेली सरकीची ढेप, म्हणजे पेंड, घातली की एका दिवसात दुधात विष उतरते, आणि ढेप बदलली की चार-पाच दिवसांत दूध जवळपास साफ होते. गाईला कोणी डिटॉक्स देत नाही, फक्त ढेप बदलतात. माणसाचंही मूळ सूत्र हेच आहे, आत जाणं थांबलं की शरीर आपोआप रिकामं होते आणि आत जाणं सुरूच राहिलं तर कोणती पावडर पुरी पडत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे भिंतीवरची बुरशी. तिच्यापासून आपल्याला त्रास होते तो बहुतेक वेळा हवेत उडणाऱ्या बीजाणूंचा (बुरशीच्या बारीक बियांचा), म्हणजे ॲलर्जी, सर्दी, खोकला, दमा. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ ला ओल आणि बुरशीवर मार्गदर्शक पुस्तिका काढली त्यात ओलसर घर आणि खोकला, घरघर, दमा यांचा संबंध स्पष्ट मांडला आहे. अमेरिकेत रिची शूमेकर नावाच्या डॉक्टरांनी याच्या पुढं जाऊन बुरशीच्या आजाराला वेगळं नाव दिलं, त्यात थकवा, डोक्यात धुकं, वजन सगळं येते, पण हे निदान बाकीच्या वैद्यकानं स्वीकारलेलं नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की तुमचा त्रास खरा आहे, त्याला नाव कोणतंही द्या, पण त्या नावावर खिसा रिकामा करू नका.

मग वजन काहून वाढते? भिंतीच्या बुरशीनं थेट चरबी वाढते असा पुरावा नाही, पण वाटा चार आहेत आणि माझ्या बाबतीत चारही होत्या. नाक बंद, झोप तुटक, आणि झोप तुटली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते, गोड खावंसं वाटते. दम लागते म्हणून चालणं कमी होते. दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या, त्यानं भूक वाढते आणि चेहरा-पोट सुजल्यासारखं होते. आणि सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या, विशेषतः सायप्रोहेप्टाडिन, जी भूक वाढवायलाच देतात.

पायरी १: दवाखाना

दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर पहिली तपासणी टीबीची, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. प्रयत्न न करता वजन उतरत असेल, रात्री घाम, संध्याकाळी ताप, थुंकीत रक्त, यातलं काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी जा. वजन वाढत असेल तर थायरॉइड आणि साखर तपासून घ्या, कितीतरी बाया वर्षानुवर्षं बुरशीला दोष देतात आणि निघते थायरॉइड.

छातीच्या डॉक्टरला विचारा की स्पायरोमेट्री म्हणजे फुंकण्याची तपासणी आणि रक्तातली आयजीई, म्हणजे ॲलर्जीत वाढणारं प्रोटीन, तपासायची का. ज्यांना जुना दमा आहे त्यांच्यातल्या काहींना ॲस्परजिलस बुरशीची एक खास ॲलर्जी असते, एबीपीए म्हणतात, ती नुसत्या तोंडानं ओढायच्या पंपानं (इनहेलरनं) आवरत नाही, तिला वेगळा इलाज लागते. बुरसलेलं कुटार, म्हणजे जनावरांचा भुसा, हलवल्यावर संध्याकाळी ताप, अंगदुखी, दम लागत असेल तर तेही सांगा, तो फुफ्फुसाचा वेगळा आजार आहे आणि पुन्हा पुन्हा झाला तर फुफ्फुस कडक होते. नागपूरच्या मेडिकल कॉलेजला आणि सेवाग्रामच्या दवाखान्यात छातीचे विभाग आहेत, गावाकडून जाणं जड पडते पण एकदा नीट निदान झालं की पुढची भटकंती वाचते.

२०२१ च्या कोरोनात जी काळी बुरशी आली होती ती ही नव्हे. पण साखर जास्त आहे, स्टेरॉइड चालू आहे आणि चेहऱ्याची एक बाजू सुजली, दुखली, नाकातून काळपट पाणी आलं तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात.

पायरी २: झोपायची जागा, मग घर

पैसे नसले तरी पहिल्याच रात्री होणारं काम हे आहे की खाट उचला आणि घरातल्या सगळ्यात कोरड्या खोलीत न्या, भिंतीपासून हातभर दूर. दिवसातले सात-आठ तास आपण तिथंच श्वास घेतो. माझी खाट पुढच्या खोलीत आणल्यावर आठवड्याभरात रात्रीची शिट्टी कमी झाली, औषध तेच होतं. आत्याबाईंना आधी पटलं नाही, पुढच्या खोलीत सुनेची खाट कशी दिसते म्हणून, पण मामाजी, म्हणजे सासरे, म्हणाले, "राहू दे, पोरगी रातभर खोकलते, मले बी झोप येत नाही."

मग पाणी कुठून येते ते शोधा. बुरशी मारणं हे दुसरं काम, पाणी थांबवणं पहिलं, कारण ओली झालेली वस्तू एक-दोन दिवसांत वाळली नाही की बुरशी धरतेच. आपल्याकडे जागा ठरलेल्या आहेत. कवेलू सरकलेले, ते अक्षय तृतीया झाली की मृगाच्या आधी फेरून घ्यायचे. टिनाच्या खिळ्यांची भोकं. स्लॅबवर साचलेलं पाणी. आणि सगळ्यात मोठं म्हणजे खालून चढणारी ओल, काळी माती पाणी धरून ठेवते, भिंतीला लागून माती चढलेली असेल तर ती ओल भिंत पिऊन घेते. आम्ही भिंतीच्या बाजूची माती हातभर रुंद काढली, उतार बाहेर दिला, न्हाणीचं पाणी पाइपनं लांब सोडलं. खर्च एका मजुराची दोन दिवसांची मजुरी आणि पाइपाचे पैसे, पण भिंतीवरची ओलीची रेघ पुढच्या पावसाळ्यात वीतभर खाली आली.

साफ करताना ज्याला दमा आहे त्यानं हात लावायचा नाही, हे काम घरातल्या धडधाकट माणसानं करायचं आणि दमेकऱ्यानं तेवढा वेळ घराबाहेर राहायचं. एन ९५ मास्क, रबरी हातमोजे, डोळ्याला चष्मा. कोरडी बुरशी झाडूनं झाडू नका, सगळे बीजाणू घरभर उडतात. आधी साबणाच्या पाण्यानं ओली करा मग खरवडा. मातीचा किंवा सिमेंटचा गिलावा आतपर्यंत काळा झाला असेल तर तेवढा भाग काढूनच टाका, वरून ब्लीचिंग मारून आतली मरत नाही. ब्लीचिंग वापरलं तर त्यात ॲसिड किंवा संडास साफ करायचं लिक्विड कधीच मिसळू नका, विषारी वायू निघते आणि दमेकऱ्याला तो जीवावर बेतते. भिंत पूर्ण वाळू द्या, उन्हाळ्यात आठ-पंधरा दिवस, मग चुना. चुना स्वस्त आहे आणि बुरशीला त्याचा क्षारपणा मानवत नाही, ओल्या भिंतीवर ऑइल पेंट मारलात तर ओल आत कोंडते आणि वर्षभरात पापुद्रे निघतात. ओल असलेल्या खोलीत पावसाळ्यात शेणाचं सारवण आणि पोतारा नको, ओलावा अजून वाढते.

हवेतला ओलावा मोजायचं छोटं मीटर काही शे रुपयांत मिळते, मी ते घेतलं आणि मला सगळ्यात उपयोगी तेच पडलं. ६० टक्क्यांच्या खाली राहिलं पाहिजे, ७० च्या वर दिवसेंदिवस राहिलं की बुरशी येणारच. आता श्रावणात बाहेरची हवाच ८०-९० राहते तेव्हा खिडक्या उघडून काही होत नाही, तेव्हा फक्त पंखा चालू, वस्तू भिंतीपासून दूर, कपडे घरात वाळवायचे नाहीत, आणि ऊन पडलं की लगेच दोन तास सगळं उघडं आणि गाद्या-गोधड्या बाहेर. ओल जावी म्हणून बंद खोलीत शेगडी पेटवू नका, तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूनं माणसं झोपेतच जातात.

कूलर कोणी लक्षात घेत नाही! मागच्या वर्षीच्या गवताच्या ताट्या तशाच, टाकीत हिरवं पाणी, आणि एप्रिलमध्ये बटण दाबलं की तीच हवा तोंडावर. ताट्या दरवर्षी नवीन, टाकी दर आठवड्याला रिकामी करून घासायची, आणि खिडकी उघडी ठेवून चालवायचा. मृग लागला, हवा दमट झाली की कूलर बंद, तेव्हा तो थंडावा देत नाही, फक्त ओल देते.

पायरी ३: धान्याची कोठी

भिंतीची बुरशी नाकातून जाते, धान्याची पोटातून, आणि विषाच्या हिशेबानं पोटातली जास्त महागात पडते.

कापूस आणि झोपायची खोली एक नको, हे मला माहीत आहे की सांगणं सोपं आहे, भाव येईपर्यंत कापूस ठेवायचा कुठं हा प्रश्न सगळ्यांचाच आहे. निदान मधे दार लागेल असं करा आणि कापूस हलवताना मास्क. सोयाबीन काढणीत पाऊस आला, शेंगा काळ्या पडल्या तर थ्रेशरवर दमेकऱ्यानं उभं राहायचंच नाही, ती धूळ म्हणजे बुरशीचाच धूर आहे.

फल्ली वाळवताना शेंग कानाजवळ हलवली की दाणा वाजला पाहिजे, दाण्यात ओलावा ७-८ टक्क्यांच्या वर नको, ज्वारी-गहू साधारण १२ टक्के. कट्टे जमिनीवर नाही, लाकडी बल्ल्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब. खायला घेताना सुरकुतलेले, काळपट, डाग पडलेले दाणे निवडून फेका, तोंडात कडू लागला तर थुंका, गिळू नका. भाजून, उकळून हे विष पूर्ण जात नाही, अडीचशे अंशाच्या आसपास तापमान लागते आणि आपली कढई तिथं जात नाही. तसले दाणे तेलघाण्यावरही नेऊ नका, कच्च्या तेलात ते उतरू शकते. देशात खाण्याच्या दाण्यासाठी अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोला १०-१५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे इतकी कमी की डोळ्याला काही दिसत नाही, म्हणून निवडणं आणि वाळवणं हेच आपलं हत्यार. मिरची भिवापुरी असो की कोणतीही, आत पांढरं-काळं जाळं दिसलं की टाकून द्या. लोणच्यावर, पापडावर, ब्रेडवर बुरा आला की वरचा भाग काढून बाकी खायची सवय आपल्या सगळ्यांची आहे, ती सोडा. आणि फेकलेलं कोंबड्यांना, गाईला टाकू नका, दुधातून अंड्यातून ते परत आपल्याच ताटात येते.

दही, ताक, इडली बंद करायची गरज नाही. दही बुरशीनं लागत नाही.

पायरी ४: औषधांची पिशवी डॉक्टरपुढं उलटी करा

सगळ्या गोळ्या, पुड्या, पंप एका पिशवीत घालून न्या. दम्याच्या म्हणून गावोगावी मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडते, लगेच आराम पडते आणि सहा महिन्यांत चेहरा गोल, पोट पुढं, मानेमागं गाठ. पण असं काही महिनोन्‌महिने घेतलं असेल तर एकदम बंद करू नका, शरीरानं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असते, अचानक बीपी पडून जीव धोक्यात येऊ शकते. डॉक्टर हळूहळू कमी करतात. पंपाची भीती मात्र नको, पंपातून जाणारं स्टेरॉइड गोळीच्या मानानं फारच कमी असते, लोक पंप सोडून गोळीवर जातात ते उलटं आहे. एक बारीक गोष्ट, बुरशीसाठी इट्राकोनॅझोल चालू असेल आणि सोबत बुडेसोनाइडचा पंप असेल तर स्टेरॉइड अंगात साठून वजन वाढू शकते, दोन डॉक्टर वेगवेगळे असतील तर एकाला दुसऱ्याची चिठ्ठी दाखवा.

पायरी ५: आता वजन, आणि हळू

आठवड्याला अर्धा किलो. कमाल एक. याच्या वर गेलं तर तीन गोष्टी होऊ शकतात, चरबीतलं जुनं रसायन एकदम रक्तात येते, स्नायू गळतात, आणि पित्ताशयात खडे होतात. पहिलं ध्येय आहे त्या वजनाच्या ५ टक्के, माझ्यासाठी ते चार किलो होतं, पाच महिन्यांचं धरलं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी वजन उतरवायच्या मागं लागू नये, ही रसायनं दुधात उतरतात, पण पाजणं थांबवायचं नाही, बाळासाठी दूधच चांगलं. साखरेच्या गोळ्या-इन्सुलिनवाल्यांनी जेवण कमी करण्याआधी डॉक्टरला विचारलंच पाहिजे, नाहीतर साखर खाली जाऊन माझ्यासारखं धुऱ्यावर पडाल.

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी, रोज ५०० कमी केल्या की आठवड्याला अर्धा किलो, इतकं साधं. मला त्यातल्या बऱ्याचशा कुठं सापडल्या? चहात. दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे पावणेदोनशे. आणि तेलात. आम्ही पाच माणसं महिन्याला पाच लिटर तेल संपवायचो, तर्री, आलुबोंडा, फोडणीचं वरण. माणशी महिन्याला अर्धा लिटर पुरते. तेल मोजून वेगळ्या बरणीत काढायला लागले तेव्हा कुठं जाते ते दिसलं. आत्याबाईंना पहिले पंधरा दिवस भाजी फिकी लागली, मग लसूण, सांबार (कोथिंबीर), जवसाची चटणी वाढवली आणि बोलणं थांबलं.

उपाशी राहायचं नाही. डॉक्टरच्या देखरेखीशिवाय १,२०० कॅलरीच्या खाली जाऊ नका. लिव्हरला विष बांधून बाहेर टाकायला बराचसा कच्चा माल प्रोटीनमधून मिळते, म्हणून उपवास-काढ्यानं लिव्हर साफ होत नाही, उलट त्याच्या हातातलं सामान काढून घेतल्यासारखं होते. किलोमागं एक ग्रॅम प्रोटीन धरा. माझं साधारण असं, सकाळी एक भाकरी आणि दोन अंडी, नाहीतर मुगाचं धिरडं. दुपारी दीड भाकरी, घट्ट वरण मोठी वाटी, अंबाडी, चिवळ, मुनगा जे असेल ते, ताक. चारला मूठभर फुटाणे. संध्याकाळी सातच्या आत, भात एक वाटी आणि भाजी-वरण दुप्पट, आठवड्यातून दोनदा सोयाबीनच्या वड्या. वडाभात, गोळाभात, पाटवडी सणाला खातेच, सोडलं नाही आणि सोडायचीही नाही.

पोट नियमित साफ झालं पाहिजे, हे डिटॉक्सवाले सांगतात ते बरोबर आहे पण कारण वेगळं. लिव्हर विष पित्तात टाकते, पित्त आतड्यात, आणि संडास तुंबली की त्यातलं काही आतड्यातून परत शोषलं जाते. म्हणून भाज्या, ज्वारी, सालीची डाळ, चमचाभर भाजलेलं जवस आणि पाणी. एरंडेल आणि एनिमा रोज नको.

चालणं दहा मिनिटांपासून, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत. श्वास इतका पाहिजे की बोलता येते पण गाणं म्हणता येत नाही. चालताना छाती आवळत असेल तर आधी कोणता पंप घ्यायचा ते विचारून घ्या. शेजारच्या वावरात फवारणी चालू असेल त्या दिवशी गावठाणातच फिरा.

जे विकत घेऊ नका

लघवीतल्या बुरशी-विषाची तपासणी, काही लॅब हजारो रुपये घेतात. खाण्यातून थोडं विष सगळ्यांच्याच लघवीत निघते, त्यावरून घरातल्या बुरशीचा आजार ठरत नाही, अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनंही याबाबत सावध केलेलं आहे. कोळशाच्या कॅप्सूल आणि कोलेस्टायरामिन, दुसरं तर कोलेस्टेरॉलचं चिठ्ठीवरचं औषध आहे, दोन्ही आतड्यात विषासोबत तुमची थायरॉइडची, बीपीची गोळीही धरून बाहेर नेतात आणि कोलेस्टायरामिननं बद्धकोष्ठ होते. डॉक्टरनं दिलंच तर बाकी गोळ्या त्याच्या एक तास आधी किंवा चार-सहा तासांनी. स्टीम-सॉना, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, घामातून विष नगण्य निघते आणि पाणी-मीठ मात्र भरपूर जाते. बिनलेबलची भस्मं नकोत, त्यात शिसं-पारा सापडलेला आहे, आणि तो मात्र खरंच साठते.

वजन थांबलं तर

थांबते. माझं दोनदा थांबलं. एकदा ७४ वर दीड महिना, तेव्हा मोजलं तर दाण्याचा कूट हाताला येईल तसा पडत होता. दुसऱ्यांदा पोळ्याच्या वेळी ७१ वर, खाणं तेच, चालणं तेच, पण झोप परत तुटायला लागली होती. मीटर पाहिलं तर पुढच्या खोलीत ७८. स्लॅबच्या कोपऱ्यातून पाणी झिरपत होतं आणि कपाटामागं बुरा धरला होता. तेवढं दुरुस्त केलं, कपाट भिंतीपासून सरकवलं, तीन आठवड्यांत वजन परत उतरायला लागलं. तेव्हापासून कॅलेंडरवर रविवारच्या चौकोनात मी दोन आकडे लिहिते, वर वजन, खाली खोलीचा ओलावा, आणि पावसाळ्यात आधी खालचा पाहते.